घरात पायपेटी आहे, हार्पसिकॉर्डची पदवी घ्यायची आहे: कुडाळच्या मुलीला सविस्तर उत्तर

प्रश्न थोडक्यात असा आहे. कुडाळजवळच्या गावातली वीस वर्षांची मुलगी, बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला. वडील दशावतारात पायपेटी वाजवतात, तीही लहानपणापासून पेटीवर बसते. काही वर्षं रेल्वेने गोव्याला जाऊन पियानो शिकते आहे, लंडनच्या ट्रिनिटी कॉलेजच्या संगीत परीक्षांतली सहावी ग्रेड झाली आहे. मध्यंतरी तिने इंटरनेटवर हार्पसिकॉर्ड (पियानोच्या आधीचं, तारा छेडून वाजणारं युरोपीय कीबोर्ड वाद्य) ऐकला आणि आता दुसरं काही सुचत नाही. तिने विचारलंय की हार्पसिकॉर्ड आणि जुन्या कीबोर्ड वाद्यांची पदवी कुठे मिळते, वाद्याला कधी हातही लावला नसताना प्रवेश मिळेल का, एखादं वाद्य विकत घ्यावं का, खर्च किती येतो, आणि बाबा म्हणतात तसं आधी बी.कॉम. पुरं करावं का.

मी मूळची वेंगुर्ल्याची. पियानो गोव्यात शिकले, हार्पसिकॉर्ड जर्मनीत, आणि आज याच वाद्यावर साथ करते आणि शिकवते. तू वयाने बरीच लहान आहेस म्हणून एकेरीत लिहिते.

तुझे पाचही प्रश्न वाचल्यावर वाटलं की त्यांच्या मुळाशी एकच प्रश्न आहे. ज्या वाद्याला अजून हात लागलेला नाही, त्याच्यासाठी चार वर्षं आणि घरातले पैसे लावायचे का. आणि लावायचे तर तोवर कुडाळात राहून तयारी कशाची करायची? संस्थांची नावं पुढे सांगतेच, पण आधी ही पदवी कोणाला मानवते ते सांगू दे.

माझं ठाम मत असं आहे की हार्पसिकॉर्डची पदवी आधी साथीदार घडवते, मग एकल वादक. रेकॉर्डिंगमध्ये तू बहुधा बाख किंवा स्कार्लाटी या अठराव्या शतकातल्या रचनाकारांपैकी कोणी ऐकला असशील, एकटा माणूस आणि एकटं वाद्य. प्रत्यक्ष शिक्षणात आणि नंतरच्या पोटापाण्यात मोठा वाटा असतो तो गायकाच्या, बासरीच्या, व्हायोलिनच्या मागे बसून साथ करण्याचा. त्याला कन्टिन्युओ म्हणतात. मला भेटलेल्या विद्यार्थ्यांत ज्यांना साथीत आनंद वाटला ते टिकले. ज्यांना फक्त रंगमंचाच्या मध्यावर बसायचं होतं, त्यांतले बरेच जण दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी पियानोकडे परतले, आणि त्यांच्यासाठी तेच योग्य होतं.

म्हणूनच तुझ्या पत्रातला वडिलांचा उल्लेख मला तुझ्या ग्रेडपेक्षा महत्त्वाचा वाटला. दशावतारात लिहिलेली संहिता नसते. नट उत्स्फूर्त बोलतो, बोलता बोलता पदाला हात घालतो, आणि पेटीवाल्याला त्याच्या तोंडाकडे बघत सूर धरावा लागतो. हँडलच्या ऑपेरात ज्या जागी गायक बोलल्यासारखा गातो, त्या रेसिटेटिव्हमध्ये हार्पसिकॉर्डवाला हेच करतो. लय गायकाच्या शब्दांची. साथीदारासमोरच्या कागदावर फक्त खालच्या बाजूची सुरांची एक ओळ आणि अधूनमधून एखादा आकडा. सूर कधी द्यायचा, किती पट्ट्या दाबायच्या, एकदम की एकामागून एक उलगडत, हे सगळं त्याने त्या क्षणी ठरवायचं. ग्रेड परीक्षांतून आलेल्या पियानोच्या मुलांना हे फार अवघड जातं, कारण त्यांनी आजवर छापलेला प्रत्येक सूर वाजवलेला असतो, न छापलेला एकही नाही.

त्या आकड्यांचा अर्थ तुला सरगमीत सांगते, आजच पेटीवर करून बघ. डाव्या हाताने मंद्र निषाद धर. त्याच्यावर ६ लिहिला असेल तर त्या निषादापासून मोजत तिसरा आणि सहावा सूर वर घ्यायचा, म्हणजे उजव्या हातात रे आणि प. आता डाव्या हातात पंचम धर, वर ४ आणि पुढे ३ असे आकडे आहेत असं समज. पंचमापासून चौथा म्हणजे वरचा सा. तो आधी धरायचा, टांगता ठेवायचा, आणि मग तिसऱ्यावर म्हणजे निषादावर उतरवायचा, सोबत रे असू दे. तो सा पंचमाशी कसा भांडतो आणि निषादावर आल्यावर कसा सुटतो ते ऐक. सतराव्या-अठराव्या शतकातलं अर्धं संगीत या एका ताणावर आणि सुटकेवर उभं आहे. रोज अशा दोन-तीन ओळी, वेगवेगळ्या पट्टीत. पट्टी बदलायची सवय तुला आहेच, कारण गायक बदलला की वडिलांना कधी काळी एक, कधी पांढरी चार करावं लागत असेल. प्रवेश परीक्षेला आलेल्या कितीतरी मुलांकडे ही सवय नसते.

आता वाद्याबद्दल, कारण ऐकण्यावरून त्याची कल्पना येत नाही. हार्पसिकॉर्डची पट्टी दाबली की आत लाकडाची एक उभी पट्टी वर उचलली जाते, तिला जॅक म्हणतात. जॅकच्या कडेला एक छोटी नखी असते, पूर्वी पक्ष्याच्या पिसाच्या काडीची, आता बहुधा डेलरिन नावाच्या प्लास्टिकची. ती खालून तारेला छेडून पुढे जाते. पट्टी सोडली की जॅक खाली येतो, नखी बसवलेली जीभ मागे झुकते म्हणून तार दुसऱ्यांदा छेडली जात नाही, आणि जॅकवरचा फेल्टचा तुकडा तारेला टेकून आवाज बंद करतो. बोटाला हे सगळं जाणवतं. पट्टी अर्धवट खाली गेली की किंचित अडते, तिथे नखी तारेला टेकलेली असते, मग सुटते. विद्यार्थ्याचे पहिले महिने त्या अडण्याच्या जागी जातात. नखी तारेला टेकवून थांबायचं, आणि मग सोडायचं की झटकायचं हे निवडायचं.

जोरात मारल्याने आवाज मोठा होत नाही. मग भाव कुठून आणायचा? फ्रेंच रचनाकार फ्रांस्वा कुपरँने १७१६ साली हार्पसिकॉर्ड वाजवण्याच्या कलेवर जे पुस्तक छापलं, त्यात याचं उत्तर आहे. सूर थोडा उशिरा द्यायचा, किंवा थोडा आधी तोडायचा. कान फसतो आणि त्याला तो सूर मोठा किंवा हळवा वाटतो. दोन सुरांमधली फट किती, आधीच्या सुरावरचं बोट पुढचा सूर लागल्यावर किती वेळ राहू द्यायचं, चार सुरांचा संच उलगडायला किती वेळ घ्यायचा, यावर तासन्‌तास काम होतं. साथ करताना आवाज कमी करायचा तर सूर कमी करायचे, पाच बोटांऐवजी दोन. गायकाला उचलून धरायचं तर हात भरून वाजवायचं.

पायपेटीशी तुलना इथे अर्धीच लागू पडते. पेटीतही बोटाच्या जोराने एकेका सुराचा आवाज बदलत नाही, आणि पट्टी सोडली की सूर संपतो. त्यामुळे सूर कुठे संपवायचा याचं भान पेटीवाल्याला पियानोवाल्यापेक्षा जास्त असतं, पायाखाली सूर लांबवणारं पेडल नसतं ना. पण भाता हातचा जातो. भात्याने तू जी फुंकर घालतेस, शेवटचा सा वाढवत नेतेस, तो मार्ग हार्पसिकॉर्डवर नाही. छेडलेला सूर मरतच जातो. पहिल्या वर्षी हे खटकेल, त्याची मनाची तयारी ठेव.

पदवीच्या नावात बहुतेक ठिकाणी 'ऐतिहासिक कीबोर्ड वाद्यं' असं असतं, आणि त्यात हार्पसिकॉर्ड हे फक्त एक वाद्य. त्याचे धाकटे भाऊ व्हर्जिनल आणि स्पिनेट. दुसरा क्लॅव्हिकॉर्ड, ज्यात पितळेची पातळ पट्टी खालून तारेला टेकते आणि पट्टी दाबलेली असेपर्यंत टेकूनच राहते. त्यामुळे बोट हलवून सुराला आंदोलन देता येतं. जुन्या युरोपीय कीबोर्डांत आपल्या कानाला सगळ्यात जवळचं वाद्य मला हे वाटतं. आवाज इतका लहान की शेजारच्या खोलीत जात नाही. तिसरा फोर्तेपियानो, म्हणजे क्रिस्तोफोरी या कारागिराने १७०० च्या सुमारास फिरेन्झेत (फ्लॉरेन्समध्ये) जो पियानो बनवला त्याची पुढची शंभर-सव्वाशे वर्षं. मोझार्टच्या काळातल्या व्हिएन्नाच्या पियानोची हातोडी एवढीशी आणि चामड्याने मढवलेली, पट्टी उथळ. आजच्या पियानोवरचा हात तिथे चालत नाही. आणि ऑर्गन. कुठल्या संस्थेत यांपैकी किती वाद्यं सरावाला मिळतात हे मोठ्या नावापेक्षा महत्त्वाचं आहे.

ज्या विषयात तुला आतून बळ मिळेल असं मला वाटतं तो म्हणजे सूर लावणं. हार्पसिकॉर्डवाला आपलं वाद्य स्वतः लावतो. रोज, आणि कार्यक्रमाच्या दिवशी मध्यंतरातही. आपल्याकडे पेटीवरचा जुना आक्षेप तुला माहीत असेल: पेटीचा गंधार चढा. आकाशवाणीने १९४० मध्ये पेटीला बंदी घातली आणि ती १९७१ मध्ये सैल केली, त्या वादात मींड निघत नाही ही एक तक्रार होती आणि सूर समान अंतरांवर बसवलेले आहेत ही दुसरी. तानपुऱ्याच्या खर्जाच्या तारेतून जो स्वयंभू गंधार ऐकू येतो त्याच्यापेक्षा पेटीचा गंधार सुमारे १४ सेंटने चढा असतो. एक सेंट म्हणजे पेटीवरच्या लगतच्या दोन पट्ट्यांमधल्या अंतराचा शंभरावा भाग.

युरोपातही हाच पेच होता. सोळाव्या-सतराव्या शतकात तिथे मीनटोन नावाची लावणी, म्हणजे सूर लावण्याची पद्धत, चालायची. तिच्या नेहमीच्या प्रकारात सा-ग अगदी शुद्ध लावतात आणि त्यासाठी सा-प, प-रे, रे-ध, ध-ग हे चारही पंचम साडेपाच सेंटच्या आसपास उतरवतात. असे शुद्ध गंधार आठ ठिकाणी मिळतात, बाकीच्या चार ठिकाणी मात्र इतके बेसूर की तिथे कोणी जातच नसे. पुढे वेर्कमाइस्टर, वालोत्ती वगैरे जाणकारांनी मधले मार्ग काढले, जेणेकरून सगळ्या पट्ट्यांत जाता यावं आणि तरी प्रत्येक पट्टीचा रंग वेगळा राहावा. हे पुस्तकातून कळतं, पण लावता येतं ते कानानेच. दोन तारा जवळ आल्या की जी लहर ऐकू येते ती मंद होत होत थांबवायची, किंवा ठरवून तेवढीच ठेवायची. तानपुरा लावत मोठ्या झालेल्या मुलीला ती लहर दाखवावी लागत नाही. तू वडिलांबरोबर तानपुरा लावत नसशील तर आजपासून लावायला बस. आयत्या इलेक्ट्रॉनिक तानपुऱ्यावर हे शिकून होणार नाही.

स्केल चेंजर पेटीत कीबोर्ड सरकवून पट्टी बदलतात ना, आजकालच्या बऱ्याच हार्पसिकॉर्डमध्ये तसाच कीबोर्ड सरकतो. कारण बरोक, म्हणजे साधारण १६०० ते १७५० चं युरोपीय संगीत साधारणपणे मधला ध (सी हा सा धरला तर ए) ४१५ हर्ट्झला धरून वाजवतात, आजच्या ४४० पेक्षा अर्धा सूर खाली. फ्रेंच रचनांसाठी कधी ३९२. एकाच वाद्यावर दोन्ही सोय व्हावी म्हणून ही रचना.

वाद्य विकत घ्यायचं का? कोकणात राहून, नाही. हार्पसिकॉर्डचा साउंडबोर्ड स्प्रूसचा असतो, जाडी तीन मिलिमीटरच्या आसपास, आणि तारांचा सगळा ताण त्या हलक्या पेटाऱ्यावर. या वाद्याला हवेतली आर्द्रता ४५ ते ६० टक्क्यांच्या मध्ये स्थिर लागते. आपल्याकडे मृग लागला की घरातली पेटी काय करते ते तुला माहीत आहे: पट्ट्या फुगतात, भाता दमट होतो. हार्पसिकॉर्डमध्ये जॅक आपल्या खोबणीत अडकतात, साउंडबोर्ड फुगून सूर चढतात, लोखंडी तारा गंजतात, आणि थंडीत हवा कोरडी झाली की फुगलेलं लाकूड तडकतं. चोवीस तास आर्द्रता नियंत्रण असलेली खोली नसेल तर ते वाद्य दोन पावसाळे काढणार नाही. शिवाय चांगल्या कारागिराचा नवा दोन कीबोर्डांचा हार्पसिकॉर्ड वीस हजार युरोच्या पुढे जातो. शिकताना संस्थेची वाद्यं सरावाला मिळतात, बहुतेक विद्यार्थी पदवीपर्यंत स्वतःचं वाद्य घेत नाहीत.

त्याऐवजी तुझ्याकडे असलेल्या डिजिटल पियानोला संगणक जोड आणि पियानोटेकसारखं सॉफ्टवेअर घे. त्यात हार्पसिकॉर्ड, क्लॅव्हिकॉर्ड, जुने पियानो आहेत आणि सुरांची लावणी बदलता येते. मीनटोन लावून सा-ग धर, मग समान अंतरांची लावणी करून तेच धर. एका संध्याकाळी जे कळेल ते शंभर पानं वाचून कळत नाही. नखीचा स्पर्श मात्र यातून मिळणार नाही, त्यावर उपाय नाही. पट्टी किती जोरात दाबली याचा परिणाम बंद करण्याची सोय असते, ती वापर, म्हणजे पियानोचा हात आपोआप सुटेल. पेडलला पाय लावू नकोस. बाखच्या दोन आवाजांच्या इन्व्हेन्शन्स घे, आणि दोन्ही हातांतल्या ओळी वेगवेगळ्या श्वासाने बोलतात का ते ऐक. एकदा जुनी बोटं करून बघ: बाखने १७२० मध्ये आपल्या थोरल्या मुलासाठी जी वही सुरू केली, तिच्यातल्या एका छोट्या धड्यात त्याने बोटांचे आकडे लिहिले आहेत, उजवा हात चढताना तिसरं-चौथं, तिसरं-चौथं असा जातो. आधी चमत्कारिक वाटेल, मग लक्षात येईल की त्यामुळे सूर दोन-दोनांच्या जोड्यांत बोलू लागतात. त्या काळी तेच हवं होतं.

आयएमएसएलपी या इंटरनेटवरच्या संगीत-ग्रंथालयात जुन्या छापील आणि हस्तलिखित प्रती मोफत आहेत. त्यातल्या बऱ्याच प्रतींत उजव्या हाताची ओळ आजच्या ट्रेबल क्लेफमध्ये (क्लेफ म्हणजे कुठल्या रेघेवर कुठला सूर हे सांगणारं चिन्ह) नसते, सोप्रानो क्लेफमध्ये असते. सगळ्यात खालची रेघ म्हणजे सा. ही नजर आत्ताच बसवलीस तर पहिल्या वर्षाचा मोठा भार हलका होईल. फ्रेंच रचनांत समान लिहिलेले सूर असमान वाजवतात, किती असमान ते कागदावर नसतं, शिक्षकाच्या वाजवण्यातून घ्यायचं. गुरूसमोर बसून शिकलेल्यांना यात काही नवल वाटत नाही.

पण हे सगळं करण्याआधी, किंवा करता करता, एकदा खऱ्या वाद्याला हात लागलाच पाहिजे. चार वर्षांचा निर्णय त्याशिवाय घेऊ नकोस. इटलीत उर्बिनोला दर उन्हाळ्यात प्राचीन संगीताचा अभ्यासवर्ग भरतो, इतरही देशांत असे छोटे वर्ग असतात. व्हिसा, विमान, राहणं धरून खर्च होतो खरा, पण चुकीच्या पदवीपेक्षा कितीतरी कमी. तिथे शिक्षकही भेटतात, आणि शिक्षक आधी भेटलेला असणं प्रवेशाच्या वेळी फार उपयोगी पडतं. इतका खर्च झेपत नसेल तर आधी गोव्यात आणि मुंबईत डोळे उघडे ठेव. जुन्या गोव्यातल्या माँतच्या संगीत महोत्सवात, मुंबईच्या एनसीपीए या कलाकेंद्रात बरोक वाजवणारे पाहुणे येतात. कार्यक्रमानंतर नम्रपणे विचारलं तर वाद्याजवळ जाऊ देतात, असा माझा अनुभव आहे.

आता संस्था. भारतात हार्पसिकॉर्डची स्वतंत्र पदवी मला माहीत नाही. पणजीच्या कला अकादमीत पाश्चात्य संगीताचा विभाग आहे, पियानो आणि संगीतशास्त्र पक्कं करायला तुझ्यासाठी तेच सोयीचं. बाहेर, बाझेलची स्कोला कान्तोरुम ही १९३३ पासून फक्त प्राचीन संगीताला वाहिलेली संस्था. तिथली पातळी उंच आहे आणि स्वित्झर्लंड महाग. हॉलंडमध्ये हेग आणि ॲमस्टरडॅम ही या क्षेत्रातली जुनी, मोठी ठिकाणं. जर्मनीत फ्रँकफर्ट, ब्रेमेन, ट्रोसिंगेन, फ्रायबुर्ग, लाइपझिग. लंडनमध्ये रॉयल अकॅडमी, रॉयल कॉलेज, गिल्डहॉल. अमेरिकेत ओबरलिन.

पैशाच्या दृष्टीने तुझ्यासारख्या घरातल्या मुलीला मी जर्मनीच सुचवीन. बहुतेक राज्यांत सरकारी संगीत महाविद्यालयांची फी नाममात्र असते. बाडेन-व्युर्टेम्बर्गमध्ये, म्हणजे ट्रोसिंगेन आणि फ्रायबुर्गला, युरोपबाहेरच्या विद्यार्थ्यांना २०१७ पासून सत्राला १५०० युरो पडतात; इतरही काही ठिकाणी वेगळी फी आहे, ती त्या वर्षी तपासून घे. खरा खर्च राहण्या-खाण्याचा. व्हिसासाठी वर्षाचे ११,९०४ युरो खात्यात अडकवून दाखवावे लागतात. ही रक्कम अधूनमधून वाढते. आजच्या दराने साधारण बारा लाख धर. पदवी चार वर्षांची, म्हणून पहिल्या वर्षापुढचं गणितही आधीच मांडायला हवं. ब्रिटनमध्ये नुसती फीच वर्षाला पंचवीस हजार पौंडांच्या पुढे जाते. तिथे मोठी शिष्यवृत्ती हातात असल्याशिवाय जाऊ नये. जर्मनीची दुसरी अट भाषा. बी१ किंवा बी२ पातळीची जर्मन मागतात, आणि ती वरवरची चालत नाही, कारण जुने ग्रंथ आणि तास दोन्ही त्याच भाषेत. कार्ल फिलिप इमान्युएल बाखचा कीबोर्डवादनावरचा १७५३ चा ग्रंथ मूळातून वाचता येणं हे स्वतःच एक बक्षीस आहे.

हार्पसिकॉर्ड न वाजवता प्रवेश मिळतो का? मिळतो, पण शिक्षकावर अवलंबून. पहिली फेरी बहुधा व्हिडिओवर होते, आणि वाद्य उपलब्ध नसेल तर काही शिक्षक पियानोवरचं रेकॉर्डिंग चालवून घेतात. प्रत्यक्ष फेरीत साधारण तीन वेगळ्या शैलींच्या रचना मागतात: बाखचा एखादा प्रेल्यूड आणि फ्यूग, एखादी फ्रेंच रचना, आणि फ्रेस्कोबाल्दी, स्वेलिंक किंवा बर्ड यांच्यातलं सतराव्या शतकाच्या आसपासचं काही. शिवाय न पाहिलेली ओळ वाचणं, कानाची परीक्षा, संगीतशास्त्र, आणि थोडे आकडे. सहावी ग्रेड यासाठी पुरत नाही हे स्पष्ट सांगते. आठवीच्या पुढे हात जायला हवा. दोन वर्षं मन लावून केलंस तर ते जमण्यासारखं आहे. थेट हार्पसिकॉर्डला जागा मिळाली नाही तर मुख्य विषय पियानो किंवा ऑर्गन आणि जोडविषय हार्पसिकॉर्ड असा रस्ताही अनेक संस्थांत असतो, आणि त्या रस्त्याने आलेले चांगले हार्पसिकॉर्डवादक मी पाहिले आहेत.

इथवरचं एकत्र केलं तर: साथीची ओढ असेल तर ये, वाद्य विकत घेऊ नकोस, एकदा खऱ्या वाद्यावर बस, आणि जर्मन आजपासून सुरू कर.

बी.कॉम.बद्दल मला तुझ्या वडिलांचं म्हणणं पटतं, पण कारण वेगळं आहे. त्या पदवीवर एम.म्युझ.ला, म्हणजे संगीताच्या पदव्युत्तर पदवीला, थेट जाता येत नाही, कारण त्यासाठी आधीची संगीताची पदवीच लागते. पण ग्रेड, भाषा आणि कन्टिन्युओची तयारी यांना तुला दोन वर्षं लागणारच आहेत, आणि त्यात उरलेलं बी.कॉम. बसतं. मधेच सोडून वाचेल असा वेळ मला दिसत नाही. घरची परिस्थिती अशी असेल की पदवी झाल्यावर लगेच नोकरी धरावी लागेल, तर मात्र हे गणित बदलतं. तेव्हा वर्षभर नोकरी करून उन्हाळी वर्गाचे पैसे उभे करणं जास्त शहाणपणाचं.

वडिलांना पोटापाण्याचं विचारायचं असेल, ते रास्तच आहे. या वाद्याच्या पक्क्या नोकऱ्या फार थोड्या. माणूस पाच गोष्टी मिळून जगतो: वाद्यवृंदातली साथ, इतर विद्यार्थ्यांच्या तासांना साथ, चर्चमधला ऑर्गन, शिकवणं, आणि वाद्यं लावून देणं. सूर लावणाऱ्याला कामाची ददात पडत नाही. परत यायचं ठरवलंस तर मुंबई-गोव्यात बरोक संगीत वाढतं आहे, पण त्याच्यावर घर चालत नाही, पियानो शिकवावा लागतो. एक वाट अजून फारशी मळलेली नाही. १७८९ साली कलकत्त्यात विल्यम हॅमिल्टन बर्डने हिंदुस्थानी चिजा हार्पसिकॉर्डसाठी उतरवून छापल्या. लखनौ-कलकत्त्याच्या गोऱ्या घरांत त्या वाजत. आपल्या चिजा आणि त्या काळची आकडेवाली साथ या दोन्ही बाजू आतून माहीत असलेल्या माणसाने त्यांच्याकडे बघायला हवं, आणि असं कोणी शिकून पुढे यावं अशी माझी फार इच्छा आहे.

वेळापत्रकाचं एवढं लक्षात ठेव. ब्रिटनच्या संस्थांचे अर्ज पुढच्या वर्षीच्या प्रवेशासाठी ऑक्टोबरच्या सुरुवातीलाच बंद होतात. जर्मनीत हिवाळी सत्रासाठी साधारण फेब्रुवारी ते एप्रिलमध्ये अर्ज आणि मे-जूनमध्ये परीक्षा. त्याच्या सहा-आठ महिने आधी ज्या शिक्षकाकडे शिकायचं आहे त्यांना थेट पत्र लिही. एका पानापेक्षा मोठं नको. काय वाजवतेस, हार्पसिकॉर्डला अजून हात लागलेला नाही हे, पायपेटीवर काय साथ करतेस, आणि एक तासाचा चाचणी धडा देतील का, इतकंच. सोबत दोन रेकॉर्डिंग जोड: बाखची एखादी इन्व्हेन्शन, आणि दशावतारातल्या पदाला तू केलेली साथ. दुसरं पाठवायला लाजू नकोस, शिक्षक तेच आधी ऐकतील. पंधरा दिवसांत उत्तर आलं नाही तर पुन्हा लिही. सत्राच्या सुरुवातीला आणि परीक्षांच्या काळात ही मंडळी पत्रं बघत नाहीत.